आप्पांचं शपथपत्र

२१ जून २०२२ ला सकाळी आमच्याकडे लाइट नव्हती. मी तेव्हा गावातूनच काम करत होतो. पुण्याची रूम सोडली होती आणि ऑफिसनं अजून परत बोलावलं नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी ४० टक्क्यांवर आलेली, डोंगल ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं, कारण तिथंच रेंज येते. तेवढ्यात मोठे काका, म्हणजे आप्पा, पायात चप्पल न घालताच समोरच्या घरातून आले. म्हणाले, फोनवर बघ रे, साहेबांचे आमदार कुठे गेले म्हणतात.

मी बघितलं. सुरत.

सुरत म्हटल्यावर बाकी महाराष्ट्राला काय वाटलं माहीत नाही. आम्हाला ते दुसरं राज्य वगैरे वाटत नाही. धरणगाव स्टेशन सुरत-भुसावळ लाइनवर आहे. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी उधन्याला किंवा लिंबायतला गेलेलं आहे, लूमवर किंवा साड्यांच्या कामाला. तेव्हाचे गुजरात भाजपचे अध्यक्ष सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातले. माझी आत्या उधन्यात तीस वर्षं आहे. आप्पांनी तिला लगेच फोन लावला. "तुन्हा सुरतमा आम्हना आमदार येल शेतस, देख बरं!" आत्याला वाटलं पाहुणे येणार आहेत. तिनं विचारलं, किती जणांचा स्वयंपाक करू?

त्यावर घरात सगळे हसले, आप्पाही हसले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की आपला माणूस गेलेला नाही.

आपला माणूस म्हणजे गुलाबराव पाटील. जळगाव ग्रामीणचे आमदार आणि त्या वेळी पाणीपुरवठा मंत्री. पाळधीचे. पानटपरी चालवून इथवर आलो हे ते स्वतः सभांमध्ये सांगतात. २२ तारखेच्या संध्याकाळी ते गुवाहाटीला पोचले. त्यांच्यासोबत साक्रीच्या मंजुळा गावित आणि मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील होते, दोघंही अपक्ष निवडून आलेले. जळगाव जिल्ह्यात २०१९ ला शिवसेनेचे चार आमदार आले होते: जळगाव ग्रामीण, पाचोरा, एरंडोल, चोपडा. चारच्या चार गेले. आप्पांनी टीव्ही बंद केला नाही, फक्त आवाज बंद केला. मग रात्री उशिरापर्यंत निळ्या उजेडात माणसांचे हलणारे ओठ बघत बसले.

*

आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. ते आमच्या गावचे शाखाप्रमुख. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावात शाखा काढली तेव्हा ते पंचविशीत होते. तेव्हा आमच्याकडे काँग्रेस सोडून दुसरं काही असतं हेच लोकांना माहीत नव्हतं. रस्त्याकडेच्या आपल्या खोलीवर त्यांनी पत्र्याची पाटी लावली. वाघ रंगवायला धरणगावहून पेंटर आणला. त्याला वाघ जमेना, मांजर दिसायला लागलं. शेवटी वाघ खोडून नुसता धनुष्यबाण काढला. धनुष्यबाण आप्पांनी स्वतः रंगवला, ऑइलपेंटनं. दर दोन-चार वर्षांनी दसऱ्याच्या आधी त्यावर नवा हात मारायचा हा त्यांचा नेम.

त्यांना यातून काय मिळालं? काही नाही. एकदा पंचायत समितीचं तिकीट मिळेल असं वाटलं होतं, ते दुसऱ्याला गेलं. गुलाबराव १९९९ ला पहिल्यांदा एरंडोलमधून आमदार झाले तेव्हा आप्पा गुलालानं इतके माखले होते की मोठ्या मायनं त्यांना दारात उभं करून पाणी ओतलं, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. आणि २००९ ला जळगाव ग्रामीण हा नवा मतदारसंघ झाल्यावर राष्ट्रवादीच्या गुलाबराव देवकरांनी त्यांना हरवलं, तेव्हा मी शाळेत होतो. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत हे मी स्वतः पाहिलंय. हे देवकर पुढे पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. त्यांचं राजकीय मत म्हणजे "बघू". घरातलं सगळं राजकारण आप्पांच्या वाट्याला आलं, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाचं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. तो शिवसेनेतच वाढला. लहानपणी आप्पांच्या सायकलच्या दांडीवर बसून भिंती रंगवायला जायचा.

गुवाहाटीनंतर चौथ्या दिवशी दादानं व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवला. एकनाथ शिंदेंचा फोटो, खाली बाळासाहेब आणि आनंद दिघे.

मला वाटलं घरात स्फोट होईल. काहीच झालं नाही. आप्पा सकाळी ओट्यावर बसले होते, दादा गाडी काढत होता. आप्पांनी विचारलं, "व्हई ग्यं ठरीसन?" दादा म्हणाला, "आप्पा, पाणी कोण देईल आपल्याला?" आणि गेला. एवढंच. दादाचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्या गावात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळ येतो तिथं पाणीपुरवठा मंत्री आपल्या तालुक्याचा असणं ही काय चीज आहे, हे पुण्यात बसून कळत नाही. ऑगस्टमध्ये नव्या सरकारात गुलाबरावांना पुन्हा तेच खातं मिळालं. दादानं आप्पांना काही म्हटलं नाही, फक्त पेपर त्यांच्या खाटेवर ठेवून गेला.

पारावरच्या लोकांना यात नवीन काही वाटलं नाही. जळगाव जिल्ह्यात पक्षप्रमुखपद किंवा मुख्यमंत्रिपदाच्या भांडणाचा धूर आधीही घराघरात शिरलेला आहे. एकनाथ खडसे २०१४ पर्यंत विरोधी पक्षनेते होते. सत्ता आल्यावर मुख्यमंत्री झाले देवेंद्र फडणवीस. २०१६ च्या जूनमध्ये खडसेंनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, २०१९ ला तिकीट त्यांच्याऐवजी मुलीला मिळालं आणि त्या पडल्या. २०२० ला ते राष्ट्रवादीत गेले आणि सून रक्षा खडसे भाजपच्या खासदारच राहिल्या. गंमत म्हणजे २० जून २०२२ च्या ज्या रात्री शिंदेंचे लोक सुरतेला निघाले, त्याच दिवशी खडसे राष्ट्रवादीकडून विधान परिषदेवर निवडून आले होते. एक म्हातारे बाबा आप्पांना म्हणाले, त्यांच्या घरात दोन झेंडे चालतात, तुझ्या घरात का नाही चालणार? आप्पा म्हणाले, त्यांचं घर मोठं आहे.

*

जुलैत तालुक्यावरून निरोप आला. निवडणूक आयोगापुढे खरी शिवसेना कुणाची याचा वाद गेलाय, प्रत्येक पदाधिकाऱ्यानं उद्धव ठाकरेंच्या बाजूनं शपथपत्र करून द्यायचं. शंभराचा स्टॅम्पपेपर, फोटो, नोटरीचा शिक्का.

आप्पांनी ते काम लग्नकार्यासारखं अंगावर घेतलं. त्यांच्या गटातली सात-आठ गावं. कुणाचा फोटो नाही, कुणाच्या आधारवर नाव वेगळं, कुणाला सहीच येत नाही. आणि यादी करायला मी. दिवसा माझं ऑफिस, रात्री आप्पांचं. एक्सेलमध्ये रकाने केले: नाव, गाव, पद, कधीपासून. "कधीपासून" हा रकाना कुणी मागितला नव्हता, आप्पांनी सांगितला म्हणून घातला. पहिल्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव. मी विचारलं, पद काय लिहू, शाखाप्रमुख की माजी? ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, मला कुणी काढल्याचं पत्र आलेलं नाही.

स्टॅम्पपेपरचे पैसे त्यांनी बऱ्याच जणांचे स्वतः भरले. मोठी माय म्हणाली, एवढ्यात युरियाच्या गोण्या आल्या असत्या.

त्या महिन्यांत माझ्या टीमचं काम इंग्लंडमधल्या एका क्लायंटसाठी चाललं होतं. बोरिस जॉन्सन यांनी ७ जुलैला राजीनामा जाहीर केला होता आणि तिथल्या सत्ताधारी पक्षात नेतानिवड सुरू होती. कॉलच्या सुरुवातीला दोन मिनिटं तोच विषय. तिकडचा एक सहकारी सहज म्हणाला, माझ्या वडिलांकडे मतपत्रिका आलीय. ते कुणी नेते नाहीत, नुसते वर्गणी भरणारे सदस्य. आधी खासदारांनी दोन नावं उरवली, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक, आणि मग शेवटचा निर्णय सदस्यांनी टपालानं किंवा ऑनलाइन मत देऊन केला. ५ सप्टेंबरला निकाल आला: ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९.

मी हे आप्पांना सांगितलं. त्यांना खरंच वाटेना. देशाचा पंतप्रधान गावातला वर्गणीदार निवडतो? मी म्हटलं हो. "मंग आम्हले कोन्ही कधी इचारं नही," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. एखाद्याला चाळीस वर्षांनी कळावं की आपल्या शेताला दुसऱ्या बाजूनंही वाट आहे, तसं म्हणाले. शिवसेनाप्रमुखांना निवडायचं असतं हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि उद्धव ठाकरे पक्षप्रमुख झाले तेव्हाही आलं नव्हतं. आता मात्र पस्तीस वर्षांनंतर त्यांच्या हातात आलेला पहिला कागद म्हणजे हा स्टॅम्पपेपर होता. त्यामुळे त्यांना ते मतच वाटत होतं. मलाही यादी करताना तसंच वाटायला लागलं होतं.

(ट्रस यांनी २० ऑक्टोबरला राजीनामा दिला, आणि सुनक सदस्यांच्या मतदानाशिवायच पंतप्रधान झाले. हेही मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तिथंही आमदारच जिंकले.)

एक कबुली इथंच देऊन टाकतो. त्याच ऑगस्टमध्ये दादानं मला एक बॅनर करायला सांगितला, मंत्रिपद मिळाल्याच्या अभिनंदनाचा. मी तो केला. एका टॅबमध्ये आप्पांची यादी, दुसऱ्यात दादाचा बॅनर, दोन्हींवर तोच धनुष्यबाण. दादानं विचारलं, आप्पांना सांगितलंस? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, नको सांगू. मोठी माय दळण निवडत होती, तिनं स्क्रीनकडे बघितलं आणि मान खाली घातली.

*

ऑक्टोबरमध्ये आयोगानं नाव आणि चिन्ह गोठवलं. एका गटाला मशाल, दुसऱ्याला ढाल-तलवार. पाटीवरचा धनुष्यबाण तेवढे चार महिने कुणाचाच नव्हता, त्यामुळे घरात शांतता होती. त्या दसऱ्याला आप्पांनी रंग आणला होता पण हात मारला नाही.

१७ फेब्रुवारी २०२३ च्या संध्याकाळी निकाल आला. नाव आणि चिन्ह दोन्ही शिंदेंकडे. मी तोवर पुण्यात परतलो होतो. त्या रात्री मी आदेशाची पीडीएफ उतरवून वाचली. ७८ पानं. आमच्या धंद्यात एक सवय लागते, निकाल चुकीचा वाटला की लॉजिक कुठे फिरलं ते शोधायचं. मी आप्पांची शपथपत्रं शोधत होतो.

लॉजिक असं होतं. पक्ष फुटला की आयोग तीन गोष्टी तपासतो: पक्षाच्या घटनेचं उद्दिष्ट, घटना स्वतः आणि बहुमत. आयोगाचं म्हणणं, शिवसेनेच्या २०१८ च्या घटनेत निवडणूक न घेता माणसं नेमायची सोय आहे, ती लोकशाहीला धरून नाही, म्हणून त्या घटनेवर भरवसा ठेवता येत नाही. संघटनेतल्या बहुमतातून निष्कर्ष निघत नाही, म्हणून तेही बाजूला. उरलं विधिमंडळातलं बहुमत. २०१९ ला निवडून आलेल्या ५५ आमदारांना मिळून ४७,८२,४४० मतं पडली होती. त्यातली शिंदेंसोबतच्या ४० आमदारांची ३६,५७,३२७, म्हणजे ७६ टक्के. ठाकरेंकडच्या १५ जणांची ११,२५,११३. पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मिळून ९० लाखांवर मतं होती. पडलेल्या उमेदवारांची मतं या टक्केवारीत नाहीत.

मी तो आकडा दोनदा वाचला. ३६,५७,३२७. जळगाव ग्रामीणची २०१९ ची सगळी मतं यात आहेत. म्हणजे आप्पांचंही. २०१९ ला सकाळी सातला पहिल्या पाचात उभं राहून त्यांनी दिलेलं, ज्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, शाईचं बोट वर केलेला. ते मत शिंदेंच्या खात्यात मोजलं गेलं होतं. आणि नोटरीच्या शिक्क्याचा, शंभर रुपयांचा, पहिल्या ओळीतला कागद कुठेच नव्हता. आप्पांना आयोगानं मोजलं होतं, फक्त त्यांच्याच विरुद्ध.

आदेश चूक की बरोबर हे ठरवायला मी वकील नाही. नेमणुकांवर चालणाऱ्या पक्षाबद्दलचा आयोगाचा शेरा मला पटला, हेही सांगतो. पण मग नेमणुकांचा दोष ज्यांचा होता त्यांना सोडून ज्यांनी कधी कुणाला नेमलं नाही त्यांचेच कागद का निरुपयोगी ठरावेत, हे मला आजही कळत नाही. कंपनीत कोडचे दोन फाटे झाले की "ओरिजिनल" कोणतं हे ज्याच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड असतो तो ठरवतो. इथं पासवर्ड आमदारांकडे होता. पाटी रंगवणाऱ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलले. मग विचारलं, "आपला कागदस्नं काय व्हयनं रे? मोजात का?"

मी म्हटलं, "मोजले आप्पा. पण कमी पडले."

ते म्हणाले, "मंग ठीक."

आजवर मी त्यांच्याशी खोटं बोललो ते एवढंच. ते मला बरं वाटावं म्हणून बोललो होतो की त्यांना, हे मला सांगता येत नाही.

*

पाटीचं काय झालं ते मोठ्या मायकडून कळलं. मार्चमध्ये दादाच्या गटातली चार पोरं आली. चिन्ह आता आमचं आहे, पाटी आम्हाला द्या, असं म्हणत होती. पोरं उद्धट नव्हती, त्यातल्या दोघांना आप्पांनीच शाखेत आणलेलं. आप्पा म्हणाले, "खोली मन्ही शे, पत्रा मन्हा शे. चिन्ह ली जा." आता चिन्ह पत्र्यावरून कसं नेणार? पोरं हसली आणि चहा पिऊन गेली. रात्री आप्पांनी स्वतः शिडी लावून पाटी उतरवली. दादानं खालून शिडी धरली होती. हे मोठ्या मायनं मला दोनदा सांगितलं.

पाटी खळ्यात गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, विधानसभा अध्यक्षांचा आला. टीव्हीवर महिनोन्‌महिने खरी कोण यावर भांडण चाललं, पण आमच्या घरात तो विषय पाटीसोबतच खळ्यात गेला होता. साक्रीला माझी मावशी आहे. तिच्याकडे गेलं की बरं वाटायचं. तिथल्या आमदार अपक्ष निवडून आलेल्या, त्यामुळे उतरवायला पाटीच नव्हती.

२०२४ च्या मे महिन्यात आप्पांना पहिल्यांदा मशालीचं बटण दाबायला मिळालं. उमेदवार होते करण पवार, जे एप्रिलमध्ये भाजपमधून आले होते. सोबत भाजपचे तेव्हाचे खासदार उन्मेष पाटीलही आले, त्यांचं तिकीट कापलं गेलं होतं. आप्पा काही बोलले नाहीत. तिकीट कापलं म्हणून आलेला माणूस कसा असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. स्मिता वाघ निवडून आल्या.

नोव्हेंबरात मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. कारण या वेळी यंत्रावर मशाल नव्हतीच. आघाडीत जळगाव ग्रामीणची जागा शरद पवारांच्या पक्षाला गेली होती. धनुष्यबाणावर गुलाबराव पाटील आणि समोर तुतारीवर गुलाबराव देवकर. तेच, ज्यांच्यामुळे २००९ ला आप्पा दोन दिवस उपाशी होते. आता पक्षाचा आदेश म्हणजे त्यांना मत द्या.

मतदानाच्या आदल्या रात्री आम्ही ओट्यावर बसलो होतो. थंडी होती, आप्पांनी कानाला मफलर गुंडाळलेला. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, शपथपत्रांचं, ३६ लाखांचं, त्यांच्या मताचं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांनी मफलर कानावरून बाजूला केला.

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माले माहीत व्हतं. तालुकावर सांगेल व्हतं त्यास्नी. तुले वाईट वाटी म्हनीसन बोलनू नही. रातरात बठेल व्हता तू."

सकाळी आप्पा पहिल्या पाचात नव्हते. अकराच्या सुमारास दादाच्या गाडीतून शाळेत गेले, पुढच्या सीटवर, दादाच्या शेजारी. मी मागे बसलो. आत त्यांना वेळ लागला. बाहेर आले तेव्हा मी विचारलं नाही, दादानंही विचारलं नाही. येताना ते एवढंच म्हणाले की यंत्रावर बाण फार बारीक छापलाय.

२३ तारखेला निकाल लागला. जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा महायुतीला, त्यातल्या पाच शिंदेंच्या सेनेला. धुळ्याच्या पाचही महायुतीच्याच. मशालीला दोन्ही जिल्ह्यांत एकही नाही. दुपारी मिरवणूक आमच्या रस्त्यानं गेली. त्या खोलीसमोर पोरांनी डीजे बंद केला, पुढे गेल्यावर पुन्हा लावला. हे कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही.

संध्याकाळी दादा गुलालानं माखून आला. मोठ्या मायनं त्याला दारात उभं केलं आणि डोक्यावर पाणी ओतलं. मग तो ओल्या अंगानं आप्पांच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला, हातात पेढ्यांचा बॉक्स. आप्पांनी बॉक्समध्ये बघितलं, एक उचलला, अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"शिळा शे," म्हणाले.